बोलण्यासाठी पर्यायी साधने वापरणाऱ्यांना साथ कशी द्यावी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना तोंडाने बोलता येत नाही, किंवा ज्यांचे बोलणे घरच्या दोघा-तिघांखेरीज कोणाला कळत नाही, अशी मुले आणि मोठी माणसे खुणा, चित्रांचे तक्ते, अक्षरफलक, मोबाइल-टॅबवरील ॲप किंवा आवाज देणारे यंत्र यांच्या मदतीने आपले म्हणणे मांडतात. या सगळ्या मार्गांना मिळून पूरक व पर्यायी संवाद म्हणतात. दवाखान्यांत आणि विशेष शाळांत मात्र त्याच्या इंग्रजी नावाचे ‘एएसी’ हे लघुरूपच रुळले आहे. पुढील प्रश्न आई-वडील, शिक्षक, घरात शुश्रूषा करणारे नातेवाईक आणि शेजारीपाजारी यांना नेहमी पडणारे आहेत. उत्तरांत भर साधनापेक्षा समोर बसून ऐकणाऱ्या माणसावर आहे, कारण घेतलेले ॲप दोन महिन्यांत बंद पडून राहते तेव्हा दोष बहुधा ॲपचा नसतो. घरात किंवा वर्गात दुसरे कोणीच ते वापरत नसते.

ही साधने नेमकी कोणाला लागतात?

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा डाउन सिंड्रोम असलेल्या अनेक मुलांना ती लागतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण पक्षाघातानंतर वाचाघात (मेंदूला इजा होऊन शब्द अडणे) झालेले, मोटर न्यूरॉन डिसीज (स्नायू चालवणाऱ्या चेतापेशींचा आजार) किंवा पार्किन्सन्समुळे आवाज क्षीण झालेले, कर्करोगात जीभ वा स्वरयंत्र काढावे लागलेले आणि अपघातात मेंदूला मार बसलेले लोकही यात येतात. अतिदक्षता विभागात घशात नळी असलेला रुग्ण चार दिवसांपुरता का होईना, याच गटात असतो. शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांच्या मोटर न्यूरॉन डिसीजचे निदान १९६३ मध्ये झाले, बोलणे पूर्णपणे गेले ते १९८५ मधील श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतर, आणि पुढची तीन दशके त्यांनी संगणकाच्या आवाजात व्याख्याने दिली. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर मालिनी चिब यांचे देता येईल. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मालिनी एका बोटाने टंकलेखन करून आणि आवाज देणाऱ्या छोट्या यंत्राच्या साहाय्याने संवाद साधतात. त्यांनी मुंबईतून पदवी घेतली आणि लंडनमध्ये पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. त्यांच्या आई मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडियापासून आपल्याकडच्या या कामाचा मोठा भाग सुरू होतो.

बहिऱ्या व्यक्तींची भारतीय सांकेतिक भाषा मात्र यांतील साधन मानू नये. ती स्वतःचे व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे. बहिरेपणाबरोबर हातांच्या हालचालीची अडचण असेल, तर सांकेतिक भाषा आणि चित्रफलक दोन्ही लागू शकतात.

चित्रे दाखवायची सवय लागली तर मूल बोलायचे थांबेल का?

हा प्रश्न सर्वांत आधी येतो आणि बहुधा आजीकडून येतो. भीती समजण्यासारखी आहे, पण उपलब्ध पुरावा उलट दिशेने जातो. २००६ मध्ये मिलर, लाइट आणि श्लोसर या संशोधकांनी विकासात्मक अक्षमता असलेल्या व्यक्तींवरील अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. ज्यांची नोंद सर्वांत काटेकोर होती अशा २७ जणांपैकी ८९ टक्के जणांचे तोंडी बोलणे वाढले, उरलेल्यांत बदल दिसला नाही, आणि कमी झाले असे एकही उदाहरण सापडले नाही. वाढ बऱ्याचदा लहान होती, हेही त्याच आढाव्यात म्हटले आहे. त्यामुळे ‘तक्ता लावा, मूल बोलू लागेल’ असे आश्वासन कोणी देत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

तोंडी बोलणे हा माणसाला सर्वांत जलद आणि कमी कष्टाचा मार्ग आहे. ज्याला तो जमू लागतो तो चित्र शोधत बसत नाही. दरम्यानच्या काळात मुलाला ‘नको’ म्हणण्यासाठी चावावे लागत नाही आणि ‘दुखतंय’ सांगण्यासाठी डोके आपटावे लागत नाही, हा लाभ बोलणे येवो न येवो मिळतोच. बोलणे येईल की नाही हे पाहण्यासाठी पाच-सहा वर्षे थांबणे मला सर्वांत महागडा निर्णय वाटतो, कारण भाषा शिकण्याची ती वर्षे पुन्हा मिळत नाहीत.

आधी एका जागी बसता यायला, डोळ्यांत पाहता यायला, चित्रे ओळखता यायला नको का?

नको. पूर्वी अशा पूर्वअटी सांगितल्या जात; आता त्या कोणी जाणकार लावत नाही. बोलणाऱ्या बाळाला वर्षभर शब्द ऐकवताना आपण त्याची परीक्षा घेत नाही, तोच न्याय इथेही लावावा.

साधा छापील तक्ता घ्यावा की ॲप?

दोन्ही. ॲपला आवाज असतो, त्यामुळे पाठमोरी असलेली आई किंवा वर्गाच्या दुसऱ्या टोकाचा मित्र यांच्यापर्यंत म्हणणे पोहोचते. पण टॅबची बॅटरी संपते, उन्हात पडदा दिसत नाही, न्हाणीघरात आणि पावसाळ्यात तो बाहेर काढता येत नाही. म्हणून त्याच मांडणीचा, त्याच चित्रांचा लॅमिनेशन केलेला कागद नेहमी जवळ असावा. एक प्रत जेवणाच्या टेबलाजवळ, एक दप्तरात आणि एक आजोळी ठेवली, तर ‘तक्ता घरी राहिला’ ही सबब उरत नाही.

मराठीतून सुरुवात करायची तर आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प विभागात तयार झालेले ‘जेलो’ हे ॲप मोफत आहे आणि त्यात मराठी आहे. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ हे ॲप सशुल्क असून त्यात शब्दसंख्या मोठी आणि बदल करण्याची मोकळीक जास्त आहे. ज्यांना लिहिता-वाचता येते अशा प्रौढांना वेगळे ॲप लागेलच असे नाही. अँड्रॉइड फोनवरील गूगलचा मराठी आवाज आणि मराठी कीबोर्ड यांवर पुष्कळ भागते. नजरेने चालणारी यंत्रे लाखांच्या घरात जातात. ती घेण्याआधी काही दिवस वापरून पाहायला मिळत नसतील, तर खरेदी लांबणीवर टाकावी.

तक्त्यावर कोणते शब्द ठेवावेत?

बहुतेक घरगुती तक्त्यांवर केळे, बिस्किट, दूध, बॉल, बाबा आणि संडासचे चित्र असते. अशा तक्त्यावरून मूल फक्त मागू शकते. त्याला तक्रार करता येत नाही, चिडवता येत नाही, ‘हे काय?’ विचारता येत नाही. आपल्या दिवसभराच्या बोलण्याचा फार मोठा भाग थोड्याच, पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दांनी बनलेला असतो, आणि त्यांत वस्तूंची नावे कमी असतात. मराठीत मी, तू, हे, माझं, दे, ये, जा, चल, थांब, बघ, हवं, नको, अजून, झालं, नाही, काय, कुठे, कोण, कधी, छान, घाण, परत अशा शब्दांना पहिली जागा द्यावी. त्यांच्याभोवती मग त्या व्यक्तीच्या आयुष्यातली नावे येतात : कुत्र्याचे नाव, मावशीचे नाव, आवडता खेळाडू, मोदक, आरती, लोकल. तेरा वर्षांच्या मुलाच्या तक्त्यावर नर्सरीतली फुलपाखरे आणि ‘शू’ एवढेच असेल तर तो तक्ता दूर ढकलेल, आणि ते योग्यच आहे. त्याला ‘गप रे’, ‘भारी’ आणि मित्रांत चालणारे चार खट्याळ शब्दही लागतात.

मराठी तक्ता करताना इंग्रजी तक्त्याची नक्कल का फसते, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे. परदेशी तक्त्यांत डावीकडून माणूस, मग क्रिया, मग वस्तू अशी रचना असते, कारण त्यांचे वाक्य त्या क्रमाने चालते. त्याच जागांवर मराठी शब्द चिकटवले की मूल ‘मी खा पोळी’ असे बोट फिरवते आणि मग आपणच त्याला वाक्यरचना येत नाही म्हणतो. मराठीत क्रियापद शेवटी येते. म्हणून माणसे डावीकडे, वस्तू मध्ये आणि क्रिया उजवीकडे ठेवावी. दुसरी अडचण लिंगाची. ॲपमधील ‘मी जातो’ हे बटण मुलीच्या हाती दिले तर ती रोज स्वतःविषयी मुलासारखे बोलते. ‘जाते’, ‘करते’, ‘आले’ ही रूपे पहिल्याच दिवशी बदलून घ्यावीत, आणि आवाजही तिच्या वयाला शोभेल असा निवडावा. तिसरी गोष्ट बोलीची. घरात अहिराणी, मालवणी किंवा वऱ्हाडी बोलली जात असेल तर बटणावर छापील मराठी नको, घरातला शब्द हवा. ज्या ॲपमध्ये स्वतःचा आवाज ध्वनिमुद्रित करता येतो तिथे हे सहज जमते. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असेल तर दोन्ही भाषांची पाने ठेवावीत. एकच भाषा ठेवा असा सल्ला अजूनही दिला जातो, पण त्याने मूल एक तर आजीपासून तुटते नाही तर वर्गापासून.

एकदा ठरलेली जागा बदलू नये. तक्ता वाढवायचा असेल तर नवे शब्द रिकाम्या चौकटींत भरावेत, कारण सवय झालेला हात न बघता त्या जागी जात असतो. नीटनेटकेपणाची आवड असलेल्या मोठ्यांकडून हा नियम फार मोडला जातो.

मुलाला तक्ता वापरायला शिकवायचे कसे?

‘पाणी दाखव’, ‘गाय कुठे आहे’ असे विचारून नव्हे. ती परीक्षा झाली. तक्ता आधी मोठ्यांनी वापरायचा असतो : आपण तोंडाने बोलत असतानाच त्यातल्या एक-दोन महत्त्वाच्या शब्दांवर बोट ठेवायचे. आंघोळ संपली की ‘झालं’ वर, आमटी गरम असली की ‘थांब’ वर, आजोबांची गाडी फाटकात आली की ‘कोण’ आणि ‘बघ’ वर. मुलाकडून उत्तराची अपेक्षा न ठेवता हे दिवसातून अनेकदा करावे. बोलणारे मूल पहिला शब्द उच्चारण्याआधी वर्षभर भाषा ऐकते. या मुलाने मात्र आपली भाषा कोणाला वापरताना पाहिलेलीच नसते. म्हणून पहिले काही महिने काहीच घडत नाही असे वाटले तरी थांबू नये.

मूल एक शब्द दाखवत असेल तर आपण दोन दाखवावेत, ते दोन जोडू लागले की आपण तीन. त्याने ‘जा’ दाखवले तर आपण ‘बाहेर जा’ दाखवून ‘बाहेर जायचंय होय!’ असे म्हणावे. चूक दुरुस्त करत बसू नये. घरातल्या सर्वांनी, घरकामाला येणाऱ्या मावशींनीसुद्धा, हे करावे. फक्त थेरपीच्या पाऊण तासात वापरला जाणारा तक्ता ही मुलाची भाषा होत नाही.

हात धरून बोट ठेवायला मदत केली तर चालेल का?

इथे अतिशय सावध राहावे. शिकवताना हाताला क्षणभर दिशा देणे आणि ती मदत हळूहळू काढून घेणे ही एक गोष्ट आहे. सहायकाने हात, मनगट किंवा खांदा धरायचा आणि त्यातून निघालेली लांबलचक वाक्ये त्या व्यक्तीची समजायची, ही वेगळी. या दुसऱ्या पद्धतीला साहाय्यित संवाद म्हणतात. ती ऑस्ट्रेलियातून पुढे आली आणि १९९० च्या सुमारास अमेरिकेत झपाट्याने पसरली. त्यानंतर नियंत्रित चाचण्या झाल्या : सहायकाला एक चित्र आणि अक्षमता असलेल्या व्यक्तीला दुसरे चित्र दाखवले, तेव्हा टंकलेल्या उत्तरात सहायकाने पाहिलेल्या चित्राचे नाव आले. सहायक खोटे बोलत नव्हते. आपणच हात हलवतो आहोत याची त्यांना जाणीव नव्हती. २०१४ मध्ये या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय संस्था ‘आयझॅक’ने आणि २०१८ मध्ये अमेरिकेतील वाक्-श्रवणतज्ज्ञांच्या संघटनेने ही पद्धत वापरू नये अशी भूमिका जाहीर केली. फलक सहायकाच्या हातात ठेवणारी ‘रॅपिड प्रॉम्प्टिंग’ पद्धतही त्याच संघटनेने त्याच वर्षी नाकारली.

मुलाच्या नावाने कविता आणि पत्रे येऊ लागली की पालकांना किती आनंद होतो, हे मी जाणतो, आणि म्हणूनच हे स्पष्ट लिहिणे भाग आहे : त्या पत्रांमागे मुलाचे स्वतःचे म्हणणे दडपले जात असते. कसोटी साधी आहे. फलक स्टँडवर किंवा टेबलावर स्थिर असावा, कोणाचा स्पर्श नसावा, आणि सहायकाला ठाऊक नसलेली गोष्टही ती व्यक्ती सांगू शकावी. हात चालत नसेल तर डोक्याला लावलेला पॉइंटर, गुडघ्याने दाबायचा स्विच किंवा नजर यांतले काही तरी स्वतंत्रपणे जमते का, हे फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासह शोधावे.

उत्तरासाठी किती वेळ थांबावे?

वाटते त्यापेक्षा बरेच जास्त. प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजावे. स्नायूंवर ताबा कमी असलेल्या व्यक्तीसाठी तेही अपुरे पडेल. या वेळात प्रश्न वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारू नये, कारण तेवढ्याने समोरच्याला सगळी जुळवाजुळव नव्याने करावी लागते. नजर अपेक्षेची असावी, टक लावलेली नसावी. चहाचा घोट घ्यायला हरकत नाही.

त्यांचे वाक्य आपण पूर्ण केले तर?

ते त्यांना विचारावे. काहींना अंदाज बांधलेला आवडतो, त्यांचे श्रम वाचतात. काहींना तो अपमान वाटतो. मान्यता असेल तरी अंदाज मोठ्याने सांगून होकार घ्यावा, आणि दोनदा चुकल्यावर अंदाज बांधणे सोडून द्यावे. न कळलेले कळल्यासारखे दाखवून हसून मान डोलावणे मात्र कधीही करू नये. पलीकडच्या माणसाला ते लगेच समजते.

हो आणि नाही एवढे कळले की पुरे नाही का?

आपत्काळात पुरे, आयुष्याला नाही. ज्याला फक्त हो-नाही सांगता येते त्याला तुम्ही विचारलेल्याच गोष्टींवर मत देता येते. तुम्हाला न सुचलेली गोष्ट तो कधीच काढू शकत नाही. म्हणून प्रत्येक प्रश्नमालिकेच्या शेवटी ‘की वेगळंच काही?’ हा पर्याय द्यावा.

हो-नाहीची खूण ठरवताना आपल्याकडे एक खास अडचण येते. मान डोलावण्याचा आपला प्रकार हो, बरं, बघू आणि कळलं या सगळ्यांना चालतो. मानेवर ताबा नसलेल्या माणसाच्या बाबतीत तर गोंधळ ठरलेलाच. होकाराला नजर वर, नकाराला डोळे घट्ट मिटणे अशी दोन स्पष्ट वेगळी लक्षणे निवडावीत आणि ती खाटेच्या उशाशी मोठ्या अक्षरांत लिहून लावावीत. रात्रपाळीची नर्स बदलली की हा कागद फार उपयोगी पडतो.

वाचता येणाऱ्या, पण हातपाय न हलणाऱ्या माणसासाठी विनायंत्र काही उपाय आहे का?

आहे, आणि त्यासाठी आपली वर्णमाला फार सोयीची आहे. प्राथमिक शाळेत पाठ केलेल्या ओळी वृद्धांनाही तोंडपाठ असतात. ऐकणाऱ्याने ओळी म्हणायच्या : स्वर? क-ओळ? च-ओळ? ट-ओळ? त-ओळ? प-ओळ? य-ओळ? श-ओळ? हवी ती ओळ आली की रुग्ण डोळे मिटून होकार देतो. मग त्या ओळीतली अक्षरे एकेक करून म्हणायची. ‘पाणी’ लिहायचे तर प-ओळीला होकार, प ला होकार, ‘स्वरचिन्ह?’ला होकार, ‘काना?’ला होकार, पुढे ट-ओळ, ट, ठ, ड, ढ, ण ला होकार, स्वरचिन्ह, काना नाही, वेलांटी. निश्चित झालेले प्रत्येक अक्षर ऐकणाऱ्याने कागदावर लिहावे, नाही तर चौथ्या अक्षराला पहिले विसरते.

पहिली की दुसरी वेलांटी हे विचारत बसू नये. शुद्धलेखनाची तपासणी चाललेली नाही. जोडाक्षरेही मोकळी चालतात, ‘डाकटर’ सगळ्यांना कळते. ळ श-ओळीच्या शेवटी ठेवावा. दोन-तीन अक्षरांनंतर शब्द लक्षात आला तर ‘पाणी?’ असे विचारून होकार घ्यावा. फलकाच्या कडेला काही पूर्ण वाक्येही असू द्यावीत : कूस बदला, लाळ पुसा, खाज येते आहे, पंखा कमी करा, आत्ता नको, एकटे राहू द्या. ओळी वाचूनच म्हणायच्या असतात, त्यामुळे नव्या माणसालाही ही पद्धत लवकर जमते, आणि वीज गेली तरी चालते.

वडिलांना पक्षाघातानंतर वाचाघात झाला आहे. त्यांनाही चित्रफलक द्यावा का?

लहान मुलांचा फलक देऊ नये. वाचाघातात बुद्धी आणि आठवणी बहुतांशी शाबूत असतात, अडते ते शब्द सापडणे आणि काही वेळा ऐकलेले समजणे. त्यांच्यासाठी वही आणि जाड पेन हेच पहिले साधन. प्रश्न विचारताना तीन पर्याय ठळक लिहून समोर धरावेत : ‘बँक, शेत, दवाखाना’. जिल्ह्याचा नकाशा, कॅलेंडर, कुटुंबाची नाव लिहिलेली छायाचित्रे आणि एक ते दहा आकड्यांची पट्टी जवळ असावी. विषय बदलताना तसे सांगावे. टीव्ही बंद करावा. त्यांच्याशी मोठ्या आवाजात बोलू नये, त्यांचे कान ठीक आहेत. शब्द अडला की आरतीतले किंवा मोजणीतले शब्द मात्र सरळ येतात, याचे घरच्यांना आश्चर्य वाटते आणि ‘मनात आलं तर बोलतात’ असा गैरसमज होतो. पाठ असलेले शब्द आणि नवे वाक्य जुळवणे यांत मेंदूचे काम वेगळे असते, यात हट्टाचा संबंध नाही.

मोटर न्यूरॉन डिसीजचे निदान नुकतेच झाले आहे, आवाज अजून चांगला आहे. आत्ता काय करावे?

आवाज मुद्रित करून ठेवावा, आणि ते लवकर करावे. संपूर्ण आवाजाची संगणकीय प्रतिकृती मराठीत मिळेल की नाही यावर विसंबून न राहता स्वतःच्या आवाजातील वाक्ये फोनवर साठवावीत : नातवाला हाक मारण्याची लकब, नेहमीची शिवी, ‘जेवलीस का?’, देवापुढचे दोन श्लोक, हसणे. पुढे ती ॲपच्या बटणांवर बसवता येतात. रुग्णाच्या मनाची तयारी नसेल तर भरीस घालू नये, पण असा पर्याय आहे हे त्यांना वेळेत कळायला हवे.

मूल सतत एकच बटण दाबून सगळ्यांना भंडावते. टॅब काढून घ्यावा का?

नाही. बडबडणाऱ्या मुलाला आपण ‘आता पुरे’ म्हणतो, त्याची जीभ जप्त करत नाही. ‘आइस्क्रीम’ पन्नासदा दाबले तर ‘कळलं, आइस्क्रीम हवंय, आज नाही, रविवारी’ असे तक्त्यावर दाखवून उत्तर द्यावे. ऐकले गेले हे कळल्यावर पुष्कळदा थांबते. शिक्षा म्हणून साधन काढणे, बक्षीस म्हणून देणे, आणि त्याच टॅबवर कार्टून व गेम ठेवणे, या तिन्ही गोष्टी टाळाव्यात. ‘नको’ हा शब्द दाबल्यावर तो निदान काही वेळा खरोखर मानला गेला पाहिजे.

शाळेने काय करायला हवे, आणि कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २ मधील संवादाच्या व्याख्येतच पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश आहे, आणि कलम १७ नुसार अशा पद्धतींच्या वापराला चालना देणे हे शासन आणि स्थानिक प्राधिकरणांचे कर्तव्य आहे. त्यामुळे ‘आमच्या शाळेत मोबाइल चालत नाही’ हे उत्तर ग्राह्य नाही. प्रवेशाच्या वेळीच साधनाचे नाव आणि उपयोग सांगणारे वाक्-भाषा उपचारतज्ज्ञाचे पत्र मुख्याध्यापकांना लेखी द्यावे.

वर्गात शिक्षकांनी प्रश्न आदल्या दिवशी मुलाला कळवला तर उत्तर आधीच साठवून आणता येते, आणि मग ते इतरांबरोबर हात वर करते. साधन दप्तरात नको, बाकावर हवे. मधल्या सुट्टीत तर हवेच, कारण मैत्री तिथे होते. सोबतच्या मुलांना एक तास शिकवून ठेवले तर मोठ्यांपेक्षा ती लवकर शिकतात. सार्वजनिक लेखी परीक्षांबाबत केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पात्र दिव्यांग उमेदवारांना तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ आहे. शाळेच्या परीक्षेत तो मागताना याचा दाखला देता येतो.

अत्याचार झाला तर असे मूल किंवा प्रौढ व्यक्ती साक्ष देऊ शकते का?

देऊ शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२५ नुसार बोलू न शकणारा साक्षीदार लिहून किंवा खुणांनी साक्ष देऊ शकतो आणि ती तोंडी साक्षच मानली जाते. न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यायची असते आणि जबाबाचे चित्रीकरण करायचे असते. बालकांच्या बाबतीत २०१२ च्या पोक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या) कायद्याचे कलम २६ जबाब नोंदवतानाच विशेष शिक्षकाची किंवा मुलाच्या संवादपद्धतीशी परिचित व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद करते.

पण फलकावर तो शब्दच नसेल तर कायदा काय करणार? शरीराच्या सर्व अवयवांची खरी नावे, ‘हात लावला’, ‘मारलं’, ‘भीती वाटते’, ‘सांगायचंय’ आणि मुलाच्या सहवासातील प्रत्येक प्रौढाचे नाव व छायाचित्र तक्त्यावर असलेच पाहिजे. यात रिक्षाचालक, थेरपिस्ट आणि नातेवाईकही आले. पालक संकोचाने ही पाने गाळतात. अशी मुले सांगू शकणार नाहीत, हे अत्याचार करणारा हेरूनच असतो.

तज्ज्ञ कुठे मिळतील आणि खर्चाचे काय?

मुंबईत वांद्रे येथे १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय रुग्णालयाशी संलग्न जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात मुलांची तपासणी मोफत होते. खासगी थेरपिस्टकडे जाताना भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारावा. यात गैर काही नाही. सोबत आणखी एक प्रश्न विचारावा : ‘सत्रात तुम्ही स्वतः तक्ता वापरून माझ्या मुलाशी बोलाल का?’ स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही १ लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे आणि तीत थेरपीचा खर्चही काही मर्यादेत येतो.

दुकानदार, शेजारी किंवा बसचा वाहक म्हणून मी काय करू?

सोबतच्या माणसाकडे पाहून ‘याला काय हवंय?’ असे विचारू नका. त्या व्यक्तीकडेच पाहून, तिच्या वयाला साजेशा शब्दांत, अहो-जाहो लागत असेल तर अहो-जाहोनेच बोला. यंत्राचा पडदा तिने दाखवल्याशिवाय डोकावून वाचू नका आणि चाकखुर्चीवरचा तक्ता विचारल्याशिवाय हलवू नका.

मुलीने टॅबवर मैत्रिणीला काय लिहिले, हे आम्ही पाहू शकतो का?

बोलणारी मुलगी फोनवर कुजबुजते तेव्हा जितके ऐकाल तितकेच. अनेक ॲप टंकलेले सगळे साठवून ठेवतात. ही नोंद कशी पुसायची हे तिला शिकवावे, आणि तिच्या पानांवरचे शब्द वाढवताना किंवा काढताना तिला समोर बसवावे. शब्दसंग्रहाची प्रत दर महिन्याला दुसऱ्या ठिकाणी जतन करावी, म्हणजे टॅब फुटला तर वर्षानुवर्षे जमवलेली पाने जाणार नाहीत. जुना टॅब भावंडाकडे देण्याआधी तिचे संदेश आणि छायाचित्रे काढून टाकावीत, आणि ते काम तिला स्वतःला जमत असेल तर तिच्याच हातून होऊ द्यावे.